पवनचक्की वाचली, पण गिरणीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पवनचक्कीत थाटलेल्या संसारावरचा लेख वाचला. गोल दिवाणखाना, वळत वर जाणारा जिना, उंचावरची खिडकी. फोटो झकास आहेत. पण ‘अशी वाचली जुनी वास्तू’ हा लेखाचा सूर काही पटला नाही.

आम्हा सातारकरांना पवनचक्की म्हटलं की चाळकेवाडीच्या पठारावरची, वीज तयार करणारी आठवते. लेखातली मात्र पिठाची गिरणी होती. तिचं घर करायचं तर जाती, दातेरी चाकं, धान्याच्या कोठ्या आधी बाहेर काढाव्या लागतात. नाहीतर पलंग ठेवणार कुठे?

मुलगी इंग्लंडात ब्रायटनला असते, म्हणून ससेक्समधल्या क्लेटन गावच्या टेकडीवरच्या जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या पाहता आल्या. जिल थोरली, १८२१ सालची, पांढरी, लाकडी. तिचा अख्खा डोलारा एका जाडजूड खांबावर वाऱ्याकडे तोंड करून फिरतो. ती मूळची ब्रायटनची. १८५२ मध्ये बैल आणि घोडे जुंपून तिला टेकड्यांवरून क्लेटनला ओढत आणलं. (आपल्याकडे गोदरेजचं कपाट हलवायचं तरी चार माणसं कुरकुरतात!) जॅक १८६६ चा, विटांचा बुरूज. त्याची फक्त वरची टोपी फिरायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोघांचंही दळण थांबलं.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. जॅकचं घर झालं. १९५३ मध्ये गोल्फचे समालोचक आणि स्तंभलेखक हेन्री लाँगहर्स्ट यांनी तो विकत घेतला. काही वर्षांनी त्यांनीही शेजारीच आधुनिक धाटणीचं सरळ भिंतींचं घर बांधून घेतलं. कारण काही असो, मला त्याचं नवल वाटलं नाही.

जिल मात्र पाऊसवाऱ्यात खिळखिळी होत गेली. १९७८ पासून हौशी स्वयंसेवकांनी ती दुरुस्त करायला घेतली आणि १९८६ मध्ये तिच्यात पुन्हा पीठ पडलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८७ च्या वादळात, ब्रेक लावलेला असतानाही पाती फिरू लागली आणि घर्षणाने लाकडाने पेट घेतला. त्या रात्री या स्वयंसेवकांच्या मंडळाची माणसं धावली म्हणून ती वाचली. मी ‘वाचली’ म्हणेन ते याला.

तिथून एक पिशवी गव्हाचं पीठ आणलं. जाडसर, कोंड्यासकट. पोळी लाटताना कडा फुटत होत्या, सौभाग्यवती वैतागल्या. चव मात्र घरच्या जात्यावरच्या दळणाची.

घर करू नये असं माझं म्हणणं नाही. माणूस राहतो तिथे गळकं छप्पर वेळेवर शाकारलं जातं, आणि पाडून टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण अशा लेखात पडद्यांच्या रंगाला दोन परिच्छेद मिळतात, तर आतली यंत्रं कुठे गेली, जात्याचे दगड अंगणात बाकडं म्हणून पडलेत का, याला दोन ओळी मिळायला हरकत नव्हती.

वाचकांपैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर हॅसॉक्स स्टेशनवर उतरून टेकडी चढावी. जिल उन्हाळ्यात रविवारी दुपारी उघडी असते, पण निघण्याआधी खात्री करून घ्यावी. जॅक खासगी घर आहे, तो बाहेरूनच पाहायचा.

आपला,
एक वाचक, सातारा