चोविसाव्या वर्षी आजी करायची म्हणजे

चि. ईशा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. स्पर्धेच्या नाटकात नायिका दुसरीला मिळाली आणि तुझ्या वाट्याला आजी आली. "केस पांढरे करायचे आणि खुर्चीत बसून खोकायचं," असं तू म्हणालीस. ते वाक्य रात्रभर मनातून जाईना, म्हणून सकाळी उठून आधी हे पत्र लिहायला घेतलं.

डॉ. श्रीराम लागूंचं नाव आपल्या घरात तू लहानपणापासून ऐकतेस. पण एक हिशेब तू कधी मांडला नसशील. त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७चा, साताऱ्याचा. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०ला झाला. म्हणजे रंगभूमीवरून निवृत्त झालेले, मुलांच्या घरात नकोसे झालेले अप्पासाहेब बेलवलकर ज्यांनी उभे केले, त्यांचं वय तेव्हा त्रेचाळीस होतं. पुढे दोनच वर्षांत त्यांनी 'हिमालयाची सावली'तले नानासाहेब भानू केले. तेही वयानं थकत जाणारे. पडद्यावर 'सामना'तला दारूत बुडालेला म्हातारा मास्तर केला. ऐन उमेदीतल्या माणसानं एकामागून एक म्हातारे केले, आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही.

'सामना' तू पुन्हा बघ, आणि या वेळी फक्त त्या मास्तरवर नजर ठेव. पाटलाच्या वाड्यात चांगलं खायला-प्यायला मिळतंय, निळू फुल्यांचा हिंदुराव त्याच्याशी गोडीगुलाबीनं वागतोय, आणि हा फाटका माणूस मारुती कांबळेचं काय झालं एवढंच विचारत राहतो. त्याचं म्हातारपण कमरेच्या बाकात शोधू नकोस. एकेकाळी काहीतरी मानलेल्या आणि मग ते सगळं हातातून सुटलेल्या माणसाचा थकवा आहे तो. तो डोळ्यांत दिसतो, आणि उत्तर देण्याआधी तो जो किंचित थांबतो त्यात दिसतो. प्रश्न विचारायची वेळ आली की त्याच थकव्याच्या आतून जुना, ताठ माणूस वर येतो. ते एका क्षणात घडतं. मला ते जमलेलं दुसऱ्या कुणाचं फार क्वचित दिसलं.

'पिंजरा'तही तेच बघ. सुरुवातीचा गुरुजी चालतो तेव्हा सगळं गाव बाजूला होईल असा चालतो. तमाशाच्या फडात नोकर म्हणून राबायला लागल्यावर तोच देह आक्रसल्यासारखा होतो. वय तेवढंच आहे, खांदे बदललेत.

आणि १९७० या एकाच वर्षाचा विचार कर. त्या वर्षी त्यांनी तेंडुलकरांचं 'गिधाडे' बसवलं, त्यात कामही केलं. बापाला मारझोड करून पैसे काढणाऱ्या मुलांचं ते नाटक. वर्ष संपता संपता मुलांनी दुखावलेला बाप म्हणून ते शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये उभे राहिले. दोन्ही नाटकं एकाच माणसाच्या अंगात एकाच वर्षी वस्तीला होती. याचं मला अजून नवल वाटतं.

हे सगळं अचानक आलं नव्हतं. ते नाक-कान-घशाचे सर्जन होते. पुण्यात प्रॅक्टिस केली, मग टांझानियात जाऊन डॉक्टरकी केली. कॉलेजपासून नाटक सुटलं नव्हतंच. भालबा केळकरांबरोबर पुण्याच्या पीडीए या हौशी नाट्यसंस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं हौसेनं कामं केली. १९६९ साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्णवेळ नट झाले. त्यानंतरचे सिनेमे तुला ठाऊकच आहेत. हिंदीत शेकड्यानं, त्यात कितीतरी दोन-चार प्रसंगांचे बाप आणि न्यायाधीश. 'घरौंदा'तल्या उतारवयाच्या मालकासाठी फिल्मफेअर मिळालं, तीही सहायक भूमिकाच होती. अॅटनबरोंच्या 'गांधी'त त्यांचे गोपाळ कृष्ण गोखले किती वेळ दिसतात? पण दिसतात तेव्हा गांधींनी या माणसाचं का ऐकलं असेल ते पटतं.

मी स्वतः त्यांना पाहिलं ते 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये, सॉक्रेटिस म्हणून. तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती. आता वय खरं होतं, ते आणायचं नव्हतं. नाटकभर शब्दांचा नुसता डोंगर, आणि मी मागच्या रांगेत. वाक्याचा शेवटचा शब्द एकदाही पडला नाही. तुम्ही पोरं वाक्याची सुरुवात जोरात करता आणि क्रियापद गिळता. तुझ्या मागच्या एकांकिकेतही हे मला जाणवलं होतं. आजी करताना तर सांभाळच, कारण म्हातारं दिसायच्या नादात आवाज आधी खाली जातो आणि तिसऱ्या रांगेपुढे काही पोचत नाही.

एक सुचवू? खोकला काढून टाक. दिग्दर्शक म्हणाला तरी त्याच्याशी एकदा बोलून बघ. तुझ्या आजीला आठव. ती उठताना आधी हात कुठे टेकायचा ते बघून ठेवायची, मग बोलणं संपवायची, आणि मग उठायची. बोलता बोलता कधी उठली नाही. संहितेत तुझ्या आजीला कुणाला काय लपवायचंय, कुणाचा राग आहे, हे लिहिलेलं नसेल तर लेखकाला गाठून विचार. तो तुमच्याच गावात आहे ना? फोन नको करूस, समोर बसून विचार.

'लमाण' कुरियरनं पाठवतेय. हे त्यांचं आत्मचरित्र, तुझ्या बाबांची प्रत आहे, पानं सुटत आलीत, जपून उघड. परीक्षेआधी सगळं वाचून होणार नाही, तर आफ्रिकेतून परतण्याचा भाग तरी आधी वाच. प्रयोगाची तारीख नक्की झाली की लगेच कळव. रजा आधी टाकावी लागते, आणि मला या वेळीही मागच्याच रांगेत बसायचंय.

तुझी,
आई