रेनकोट घेताना आधी काटा बघा, मग पाऊस

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून तोंडावर आला की इंदूरमधली मंडळे आणि सेवाभावी संस्था वनरक्षकांना रेनकोट वाटतात. पाताळपाणी, चोरल, जानापावकडे सहली नेणारे गटही याच दिवसांत घाऊक खरेदी करतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण निवडलेला माल बहुतेक वेळा दुचाकीवाल्यांसाठी शिवलेला असतो. स्कूटरवर पाऊस समोरून येतो आणि कापडाला कशाचाच घासा लागत नाही. जंगलात वरच्या सरींपेक्षा कमरेइतक्या ओल्या झुडपांनीच माणूस जास्त भिजतो, आणि तीच झुडपे कापड फाडतात. मध्य प्रदेशातली राष्ट्रीय उद्याने १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतात, पण गस्त बंद नसते. उलट रस्ते चिखलाने अडले की ती पायीच घालावी लागते. त्या माणसाच्या अंगावर काय असावे, याबद्दल हे पत्र.

रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचे शिकारगाह आजही उभे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले, ते योग्यच झाले. मात्र जगभरच्या शिकाऱ्यांनी ओल्या झाडोऱ्यात तासन् तास काढून पावसाळी कपड्यांबद्दल जे शोधून ठेवले, ते आपल्या वनरक्षकांना आणि पक्षिनिरीक्षकांना तंतोतंत लागू पडते. त्याचे सार असे की काट्याला जे टिकत नाही, ते पाण्यालाही टिकत नाही.

आपल्याकडचे काटे नीट पाहिले तर कापड कसे असावे हे तेच सांगतात. बोरीच्या फांदीवर पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते. त्यातला एक सरळ असतो, दुसरा आकड्यासारखा मागे वळलेला. सरळ काटा भोक पाडतो, आकडा धागा धरून ओढतो. खैराचे काटे जोडीने आणि दोन्ही आकडेच. घाणेरीच्या चौकोनी खोडावरचे बारीक काटे खाली झुकलेले असतात. ते एका फटक्यात फाडत नाहीत, पण प्रत्येक फेरीत कापडाचा वरचा थर खरवडतात. भोक, चीर आणि खरवड अशी ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाच गुणाने तिन्ही बरी होत नाहीत.

भोकाला आणि खरवडीला उत्तर म्हणजे जाड धागा. तो डेनिअरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका डेनिअर. मुठीत मावणारे हलके जॅकेट २० ते ४० डेनिअरचे असते. ते डोंगरमाथ्यावर ठीक, बोरीत एका सकाळीत संपते. झाडोऱ्यासाठी जॅकेटचे मूळ कापड ७० डेनिअरच्या खाली नसावे, खांदे आणि बाह्या २०० च्या आसपास असाव्यात, आणि मांडीपासून घोट्यापर्यंत ४०० ते ६०० डेनिअर हवे. घासाला पॉलिएस्टरपेक्षा नायलॉन चिवट असते. फक्त ते थोडे पाणी पिते आणि भिजले की सैल पडते. चिरेला उत्तर म्हणजे रिपस्टॉप वीण, म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धागे घालून केलेली चौकटी. ‘रिपस्टॉप आहे, फाटणार नाही’ असे दुकानदार सांगतो, ते अर्धेच खरे. चौकटीमुळे चीर पुढे पळत नाही, पण भोक पडायचे ते पडतेच.

आता लेबलावरच्या आकड्याकडे. ५,००० मिमी, १०,००० मिमी असे लिहिलेले असते, तो पावसाचा आकडा नव्हे. कापडावर पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नुसत्या पडणाऱ्या पावसाला २,००० मिमीही चालतो. पण माणूस गुडघा टेकतो, ओल्या दगडावर बसतो, पाठीवर पिशवीचा पट्टा दाबतो, तेव्हा दाब एकदम वाढतो. ३५ किलो भार ५० चौरस सेंटिमीटरच्या गुडघ्यावर आला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.७ किलो पडतो. हा दाब ७ मीटर, म्हणजे ७,००० मिमी पाण्याइतका झाला. पगमार्क मोजायला वाकलेल्या वनरक्षकाचा गुडघा पाच मिनिटांत ओला होतो तो यामुळे. म्हणून गुडघ्याला, बुडाला आणि खांद्याला १०,००० मिमीच्या वरचेच कापड घ्यावे. बाकीच्या ठिकाणी या आकड्याच्या मागे लागू नये.

आकडा कितीही असला तरी पाणी आधी शिवणीतून शिरते. सुईचे प्रत्येक टोचे म्हणजे एक भोक. रेनकोट उलटा करून शिवणीवर आतून साधारण २ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उष्णतेने चिकटवली आहे का, ते बघा. काखेत, जांघेत आणि टोपी जिथे गळ्याला जोडली आहे तिथे पट्ट्या एकमेकींवरून जातात. तिथे फुगे किंवा सुटलेली टोके दिसली तर तो नग परत ठेवा. त्यापुढचा तपास घरी: अंधाऱ्या खोलीत रेनकोटच्या आत टॉर्च लावून बाहेरून पाहिले, तर गर्द रंगाच्या कापडातली भोके चांदण्यांसारखी दिसतात.

‘श्वास घेणाऱ्या’ महाग कापडाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या ताणून केलेल्या पातळ पडद्याचा, शोध लावला आणि त्यातून गोअर-टेक्स कापडातले पापुद्रे आले. त्याची सूक्ष्म छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. तत्त्व पक्के आहे. मात्र वाफ बाहेर जायला आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पात फरक असावा लागतो. थंड, कोरड्या देशात तो भरपूर असतो. जुलैतल्या चोरलच्या दरीत बाहेरची हवाच जवळपास तुडुंब भरलेली असते. प्रयोगशाळेत चौरस मीटरमागे दिवसाला १०,००० ग्रॅम वाफ सोडणारे कापड तासाला सुमारे ४१५ ग्रॅमचा हिशेब दाखवते. चढ चढणाऱ्याला तासाला अर्धा ते एक लिटर घाम येतो, आणि इथे त्या ४१५ मधलेही थोडेच हाती लागते. म्हणून आपल्या हवेत पापुद्र्यापेक्षा काखेतली लांब चेन, पाठीवरची झडप आणि सैल बेतणी जास्त कामाची. कोकणातल्या इरल्याला हे तत्त्व कधीपासून कळलेले आहे. पाठीला न चिकटणारे ताठ छप्पर, आणि खालून खेळती हवा.

तरीही पापुद्र्याचेच घ्यायचे ठरले तर तीन थरांचे घ्या, म्हणजे बाहेरचे कापड, पापुद्रा आणि आतले अस्तर एकत्र चिकटवलेले. दोन थरांच्या जॅकेटात जाळीचे अस्तर सुटे असते. ते बटणात, चेनमध्ये अडकते आणि मधला पापुद्रा आतून घासून सोलला जातो.

वनरक्षकांना वाटण्यासाठी मात्र आमची पसंती विणलेल्या अस्तरावर चढवलेल्या जाड पीव्हीसीला आहे. जड आहे, घाम बाहेर जात नाही, हे खरेच. पण पाणी अडवते म्हणजे अडवते. ओल्या फडक्याने चिखल निघतो आणि भोक पाच मिनिटांत बुजवता येते. अस्तर नसलेल्या नुसत्या प्लास्टिकच्या रेनकोटाशी त्याची गल्लत करू नये. त्याला एक काटा लागला की चीर कमरेपर्यंत जाते. पोंचोही झाडोऱ्यात नको, त्याचा घेर प्रत्येक फांदीत अडकतो. विलायती शिकाऱ्यांचे मेणकापड काट्याला फार छान टिकते आणि त्याची सळसळही होत नाही, पण आपल्या उन्हाळ्यात मेण पाझरते, पावसाळ्यात कापडाला बुरशी धरते आणि दरवर्षी पुन्हा मेण लावावे लागते. सळसळीचा मुद्दा किरकोळ नाही. कडक नायलॉनची खसखस चितळाला आपण दिसण्याच्या आधीच ऐकू जाते. खरेदी करताना हात अंगाला घासून आवाज ऐकावा.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. पूर्ण जाड पँट घालून कोणी सहा तास चालू शकत नाही. त्यापेक्षा साध्या पावसाळी पँटवर नुसते पाय झाकणारे खोळे घालावेत. काटेरी मुलखातले शिकारी हेच वापरत आले आहेत. बूड आणि जांघ मोकळी राहते, हवा खेळते. हे खोळे इंदूरमध्ये दप्तरे शिवणारा कोणीही कारागीर करून देईल. शाळेच्या दप्तराचे, आतून लेप असलेले ६०० डेनिअर पॉलिएस्टर घ्या. ५८ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून पन्ह्यात मधोमध कापले की सुमारे ७३ सेंटिमीटर रुंदीचे दोन तुकडे निघतात, प्रत्येक पायाला एक. मध्यम बांध्याच्या माणसाला तेवढा घेर पुरतो. उंची मांडीच्या वरपासून बुटाच्या निम्म्यापर्यंत ठेवा. शिवण पायाच्या आतल्या, मागच्या बाजूला यावी, कारण समोर आली तर काटे आधी तिलाच उसवतात. खाली घेर निमुळता करून ५० सेंटिमीटरपर्यंत आणा. वर बाहेरच्या बाजूला ३ सेंटिमीटर रुंदीचा निवार पट्टा शिवून कमरपट्ट्यात ओवायचा फास करा. गुडघ्यावर त्याच कापडाचा २० गुणिले २५ सेंटिमीटरचा दुसरा थर घाला, त्याची खालची कड मोकळी ठेवा, नाहीतर आत पाणी साठते. शेवटी सर्व शिवणींना आतून युरेथेनचे सीलंट, म्हणजे भोके बुजवणारा चिकटा, बारीक ब्रशने लावून रात्रभर वाळू द्या.

खोळा गमबुटाच्या बाहेरूनच यायला हवा. पँट बुटात खोचली की मांडीवरून ओघळलेले सगळे पाणी बुटात उतरते, आणि मग बूट कितीही भारी असो.

बाहीचेही तसेच. दुर्बीण डोळ्याला लावली की पाणी मनगटातून कोपरापर्यंत पळते, म्हणून बाहीच्या आत लवचिक दुसरी पट्टी हवी. चेनवर झाकणपट्टी असावी आणि ती टिचबटणांची असावी. वेल्क्रोत गोखरू आणि कुसळे भरली की ते धरतच नाही. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. मान वळवल्यावर डोळ्यासमोर कापड येत असेल, तर झुडपातल्या रानडुकराच्या बाजूलाच माणूस आंधळा होतो. आत सुती बनियन आणि जीन्स नको, पटकन वाळणारे पॉलिएस्टर किंवा पातळ लोकर असावी.

दुरुस्तीत लोक हमखास चुकतात. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन रबरी कापडावर उत्तम, पीव्हीसीवर दोन दिवसांत सुटते. तिथे पीव्हीसीचाच चिकटा आणि पीव्हीसीचेच ठिगळ लागते. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला फक्त सिलिकॉन धरते. कोणतेही ठिगळ लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा, भोकाच्या चहूबाजूंनी अडीच सेंटिमीटर पुढे जाईल एवढे ठिगळ कापा आणि त्याचे कोपरे गोल करा. टोकदार कोपरा पहिल्याच फांदीला उचलला जातो. ठिगळ शिवू मात्र नका, एका भोकाच्या जागी चाळीस होतील.

माळव्याची काळी माती हा आणखी एक शत्रू. ती कापडाच्या धाग्यांत बसली की वरचा पाणी झटकणारा लेप निकामी होतो, थेंब घरंगळायचे थांबतात, कापड जड होते आणि रेनकोट गळतो असे वाटू लागते. गळत नसतो, नुसता मळलेला असतो. गस्तीवरून आल्यावर साध्या पाण्याने चिखल धुवा, मऊ ब्रश वापरा, पिळू नका. सॉफ्टनर तर मुळीच नको. पापुद्र्याच्या जॅकेटला लेबलावर परवानगी असेल तर मंद इस्त्री पातळ कापडावरून फिरवली की लेप पुन्हा जागा होतो. पावसाळा संपल्यावर सावलीत पूर्ण वाळवून हँगरला टांगा. घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर टाकलेल्या रेनकोटचा पीयू (पॉलियुरेथेन) लेप दमटपणाने विघटित होतो आणि पुढच्या जूनमध्ये हाताला चिकट पापुद्रे लागतात. तो नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. पीव्हीसीवर टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे थर एकमेकांना चिकटत नाहीत.

वाटपासाठी मागणी नोंदवणाऱ्या मंडळांना एक विनंती. सगळा माल घेण्याआधी पुरवठादाराकडून एकच नमुना मागवा. बाहीत घडी केलेले वर्तमानपत्र घाला, बोरीची ताजी फांदी बाहीवरून दाबून दहा वेळा ओढा आणि मग नळाखाली दहा मिनिटे धरा. कागद कोरडा निघाला तरच बाकीचे नग मागवा. ही मागणी मे महिन्यातच द्यावी, कारण जूनच्या मध्यावर दुकानात फक्त स्कूटरवाल्यांचाच माल उरतो.

आपला,
एक पक्षिनिरीक्षक वाचक,
इंदूर