आजीला आधी नाव सांग

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारच्या फोनबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. आजीचा एमआरआय झाला. दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आकसलेत, डावा जास्त. डॉक्टर अल्झायमर म्हणाले. बी-१२ आणि थायरॉईड ठीक आहेत, म्हणजे गोळी देऊन भरून निघेल असं कारण सापडलं नाही.

हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत, दोन्हीकडे एकेक, चारेक सेंटिमीटरची वळलेली पट्टी. समुद्रघोड्यासारखी दिसते म्हणून ते नाव. आज घडलेलं उद्यासाठी ठेवून द्यायचं काम तिचं, आणि हा आजार तिच्या उंबरठ्यावरच, एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये, सुरू होतो. 'कधी येणार?' याचं तुझं उत्तर आजी विसरत नाही रे, ते तिच्याकडे साठतच नाही. तिने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिच्यासाठी ती पहिलीच वेळ होती.

त्या पट्टीच्या टोकाला बदामाएवढा अमिग्डाला असतो. भीती, धास्ती यांची नोंद तिथली. तोही झिजतो, पण प्रसंग पुसला गेला तरी त्याचा भाव मागे रेंगाळतो. 'किती वेळा तेच सांगू' हे तुझं वाक्य ती दहा मिनिटांत विसरली. रात्रीपर्यंत मात्र सुमाला विचारत होती, 'माझं काही चुकलं का गं?' भाकरी ताटात तशीच राहिली.

बघ, लिहायचं नव्हतं तेच लिहिलं. मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या पगाराची साडी तिच्या मांडीवर ठेवणारा तूच, ते मी विसरलेलो नाही. आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: दहा मिनिटं तिच्याजवळ हसून बसलास, तर तू आल्याचं ती विसरेल, पण बरं वाटलेलं बराच वेळ टिकेल.

१९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणाची फेफरं थांबावीत म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आपण हे आधी केलंय याचा त्याला पत्ताच नसे. हाताची सवय मेंदूत वेगळ्या वाटेने मुरते. म्हणून आजी मोदकाच्या कळ्या अजून एकसारख्या पाडते, पण सारणात गूळ दोनदा घालते. यंदा सारण सुमा करील, पाऱ्या आजीकडे.

तू आलास की मागून हाक मारू नकोस. समोर ये, तिच्या नजरेच्या उंचीवर बस, 'आजी, मी ओंकार' म्हण. 'ओळख पाहू मी कोण?' हे माईआत्यालाही विचारू देऊ नकोस. एका वेळी एकच प्रश्न, तोही 'काय खाशील?' असा नको, 'पोहे की भाकरी?' असा. मग मनात दहा मोजेपर्यंत थांब. अण्णा कुठे गेले विचारलं, तर वारल्याचं सांगू नकोस, दर वेळी ती बातमी नवी असते. त्यापेक्षा विहिरीच्या जुन्या गोष्टी काढ. जुनं सगळं मेंदूच्या सालीत पसरलेलं असतं, ते उशिरा जातं. आणि आवाज चढवू नकोस. पुन्हा तेच लिहितोय, कळतंय मला.

डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम रात्री जेवणानंतर. नाडी ५० च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर लगेच डॉक्टरांना फोन. सर्दीची गोळी दुकानातून आणून देऊ नकोस. तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, आणि डोनेपेझिल जे असेटिलकोलिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, टिकवतं त्याचंच काम ते अडवतं. एका दिवसात अचानक जास्त बरळली, तर आजार वाढला असं धरू नये, आधी लघवी तपासायची. जंतुसंसर्गाने असं होतं. वासाची जाणीवही या आजारात लवकर जाते. परवा दूध करपलं, तिला कळलं नाही. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद लागतोच.

ती तुला ओळखणार नाही, याची मला तितकी भीती नाही. तुझा चेहरा पडेल आणि तो तिला दिसेल, याची आहे.

शनिवारी चारच्या आत पोच. दिवेलागणीला ती जास्त गोंधळते.

तुझा,
बाबा