दरसूचीत मातीलाही एक ओळ द्या

प्रति,
मा. महापालिका आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

विषय: रस्ते काँक्रिटीकरणाच्या कामांत रेन गार्डन आणि झाडांच्या आळ्यांचा समावेश करण्याबाबत.

महोदय,

शहरातले रस्ते एकामागोमाग एक काँक्रीटचे होत आहेत. डांबरी रस्ता दर दोन-तीन वर्षांनी उकरला जायचा, त्यामुळे चुकलेले काही सुधारायची संधी तरी मिळायची. काँक्रीटचा रस्ता पंचवीस-तीस वर्षे कोणी हलवत नाही. पदपथाच्या कडेला झाडांच्या आळ्यांसाठी किंवा रेन गार्डनसाठी, म्हणजे रस्त्याचे पाणी काही वेळ पोटात धरणाऱ्या खोलगट बागेसाठी, मातीची जागा ठेवायची असेल, तर ती काँक्रीटचे पॅनल ओतण्यापूर्वीच ठेवावी लागेल. पर्जन्य जलवाहिन्या, रस्ते आणि वृक्षनिगा या क्षेत्रांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांनी म्हणूनच हे पत्र लिहिले आहे.

‘स्पंज सिटी’ हा शब्द सध्या प्रत्येक सादरीकरणात असतो. तो ऐकला की वाटते, पाणी जमिनीत मुरवले म्हणजे झाले. मुंबईत बहुतेक ठिकाणी ते तसे होत नाही. डोंगरउताराला थोडासा मुरूम सोडला की खाली बेसाल्टचा कातळ लागतो. सखल भागात भराव, भरावाखाली खाडीचा चिकट चिखल, आणि जुलैत भूजल जमिनीच्या इतके जवळ येते की खड्डा खणला तर तो खालूनच भरतो. हिंदमाता किंवा शीवचे गांधी मार्केट अशा दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या सखल जागी शोषखड्डे घेणे म्हणजे भरलेल्या बादलीत पाणी ओतण्यासारखे आहे. हिंदमात्यासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या गेल्या, त्या याच कारणाने. तिथे पाणी मुरवता येत नव्हते, म्हणून काही वेळ साठवून ठेवायचे ठरले.

मुंबईचा खरा प्रश्न पाणी मुरवण्याचा नसून ते तीन-चार तास थोपवून धरण्याचा आहे. जुने नाले तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते, तेही ओहोटी धरून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यानंतर ब्रिमस्टोवॅड या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाची कामे तासाला ५० मिमीच्या हिशेबाने पुढे सरकली. ४.५ मीटरच्या वरची भरती आणि जोराची सर एकाच वेळी आली की पाणी खाडीत उतरत नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते, त्यामुळे पुढची ओहोटी कधी, हे आधीच माहीत असते. तेवढा वेळ रस्त्याकडेची माती पाणी पोटात धरू शकते. पंपिंग स्टेशनची जागा ती घेणार नाही, पण पंपापर्यंत पोहोचणारा लोंढा कमी करेल.

किती कमी करेल, ते आकड्यांतच पाहू. १०० चौरस मीटर रस्ता आणि त्याच्या कडेला १० चौरस मीटरचे रेन गार्डन धरू. एक मिमी पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते, हा हिशेब सोपा आहे. बागेच्या पृष्ठावर १५ सेंमी पाणी उभे राहू दिले तर १,५०० लिटर. खाली ६० सेंमी वालुकामिश्रित माती, तिच्या पोकळ्यांत पाचवा हिस्सा धरला तर १,२०० लिटर. त्याखाली २० सेंमी खडीत ८०० लिटर. एकूण ३,५०० लिटर, म्हणजे बागेवर पडणारा पाऊस धरूनही सुमारे ३२ मिमी. नाला तासाला ५० मिमी वाहून नेतो आणि सर ८० मिमीची आहे, तर उरलेले ३० मिमी म्हणजेच घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढणारे पाणी. ते या बागेत मावते. मात्र सर सुरू होताना बाग रिकामी असेल तरच. २६ जुलैसारख्या दिवशी तिचा काही उपयोग नाही, हेही इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी फसवल्याची तक्रार करणार नाही.

बाग रिकामी राहणे मातीवर अवलंबून असते, आणि नेमकी तिथेच कामे बिघडतात. उद्यानाच्या निविदेत सवयीने ‘लाल माती व शेणखत’ लिहिलेले असते. कुंडीला ते ठीक. रस्त्याच्या गाळात ही माती एका पावसाळ्यात विटेसारखी दबते आणि वर डबके साचते. रेन गार्डनला मिश्रण वेगळे लागते: घनफळाने साठ टक्के जाड वाळू, वीस टक्के माती, वीस टक्के पूर्ण कुजलेले कंपोस्ट. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणली तर ती धुतलेली हवी. तिच्यातली दगडाची भुकटी ओली झाली की बसते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. माती आणि खडी यांच्या मध्ये कंत्राटदार हमखास जिओटेक्स्टाइलचे कापड घालतात. ते बारीक गाळाने दोन-तीन वर्षांत बुजते आणि वरची सगळी बाग बुडते. त्याऐवजी १० सेंमी बारीक खडीचा थर पुरतो, शिवाय स्वस्त पडतो.

तळाशी १०० मिमी व्यासाचा छिद्रांचा पाइप टाकून तो जवळच्या चेंबरला जोडायचा आणि टोकाला बोटभर छिद्राची टोपी लावायची. म्हणजे पाणी एकदम न जाता तीन-चार तासांत उतरते. चेंबरमध्ये पाइपच्या तोंडाशी एकमार्गी झडप असलीच पाहिजे, नाहीतर भरतीच्या वेळी नाल्याचे काळे पाणी उलटे चढून बागेत येते. बाग पूर्ण भरल्यावर जास्तीचे पाणी जावे म्हणून जमिनीपासून १५ सेंमी उंचीवर ओव्हरफ्लोचे जाळीदार तोंड ठेवायचे. डासांचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. बाग २४ तासांत कोरडी होत असेल तर अळीला वेळच मिळत नाही. होत नसेल तर ती बाग नव्हे, पैदास केंद्र आहे, आणि कीटकनाशक खात्याने ती सरळ बुजवावी.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर बहुतेक कामे पडतात. शहरात पदपथाकडेच्या बागेची माती नेहमी कडेच्या दगडापेक्षा उंच, ढिगासारखी भरलेली असते. पाऊस पडला की बागेतले पाणी रस्त्यावर येते आणि सोबत मातीही आणते. रेन गार्डनमध्ये पाणी उलट्या दिशेने जायला हवे. कर्बमध्ये, म्हणजे या कडेच्या दगडात, किमान ४५ सेंमी रुंदीचा काप, कापाचा तळ रस्त्याच्या पातळीपेक्षा ५ सेंमी खाली, आणि आत शिरताच आणखी ५ सेंमीची उतरण. नाहीतर पहिल्याच सरीतली गुटख्याची पाकिटे आणि पाने तोंडावर अडकून काप बंद होतो. कापाच्या लगेच आत ६० बाय ६० सेंमीचा गाळ-खड्डा, वर उचलता येणारी जाळी. जूनमध्ये तो आठवड्यातून एकदा उपसायचा, नंतर पंधरवड्याने. हे काम एका सफाई कामगाराचे दहा मिनिटांचे आहे, पण कोणाच्या कामाच्या यादीत ते नसेल तर ते होणारच नाही.

घुशींचे काय, असे वॉर्डातला कोणीही दुय्यम अभियंता विचारील. भुसभुशीत वाळूत घूस बिळ करणारच. बाजूच्या भिंतींना आणि खडीच्या थरावर १२ मिमी चौकटीची वेल्डेड जाळी बसवली तर ती खोल जात नाही. खाद्यपदार्थांच्या गाड्या रांगेने लागतात तिथे मात्र बाग करूच नये. तिथे ती कचराकुंडी होते, आणि ते तिथल्या गाडीवाल्यांमुळे नाही, जागेची निवड चुकल्यामुळे होते.

झाडे निवडताना चार महिने पाण्यात आणि आठ महिने कोरड्या उन्हात टिकणारी लागतात. कर्दळ आणि स्पायडर लिली दोन्ही सहन करतात. वाळ्याची मुळे खोल जातात, म्हणून उतारावर माती धरायला तो उत्तम. समुद्राजवळ भेंड आणि करंज चालतात. नर्सरीतली हिरवळीची लॉन लावायची असेल तर त्यापेक्षा फरशी बसवलेली बरी, निदान पाणी तरी वाचेल.

जागा कोणती? पाणी तुंबते तिथे नव्हे, पाणी जिथून येते तिथे. सखल चौकाच्या वरच्या बाजूच्या गल्ल्या, टेकडीकडून उतरणारे रस्ते, मैदानांच्या कडा. त्याआधी ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे ते पाहण्यासाठीचे चाचणी खड्डे, घ्यायलाच हवेत. पदपथाखाली वीज, गॅस, पाणी आणि इंटरनेटच्या केबल यांची इतकी गर्दी आहे की नकाशावर मोकळी दिसणारी जागा चर खणल्यावर मोकळी नसते. सलग वीस मीटरऐवजी चार मीटरचे पाच तुकडे करावे लागले तरी हरकत नाही.

जुन्या झाडांकडे वळतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेल्या झाडांच्या मुळांना ना हवा मिळते ना पाणी. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर त्रिज्येतले काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला. मुंबईत मोहिमा होतात, पण पुढच्याच वर्षी पदपथाच्या कामात पेव्हर ब्लॉक परत बुंध्याला भिडतात. पावसाळ्यात गुलमोहर आणि सोनमोहर पडले की दोष झाडाच्या जातीला दिला जातो. बहुतेकदा एका बाजूची मुळे केबलच्या चरासाठी कापलेली असतात आणि फांद्यांची छाटणीही एकाच बाजूने झालेली असते. अशा झाडाला पडायला वादळ लागत नाही. काँक्रिटीकरणाच्या निविदेत एवढी अट घाला की झाडाच्या आळ्याच्या हद्दीत यंत्राने खणायचे नाही, हातानेच खणायचे, आणि अंगठ्याहून जाड मूळ दिसले तर ते कापण्याऐवजी पाइप त्याच्या खालून न्यायचा. आळे भरताना डबर वापरायचा नाही. हे पर्यवेक्षकाला दिसेल असे काम आहे, त्यामुळे फोटो जोडल्याशिवाय बिल काढू नये.

कांदळवनांबद्दल थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवन आणि त्याभोवतीचे ५० मीटर संरक्षित आहेत, आणि पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचे कांदळवृक्ष आहे. तरी ‘भरपाई’ म्हणून चिखलाच्या सपाट पट्ट्यांवर तिवराची रोपे लावली जातात आणि मरतात. तिथे दिवसातले इतके तास पाणी असते की रोपाला श्वास घेता येत नाही. शिवाय त्या पट्ट्यांवर फ्लेमिंगो आणि इतर पक्षी चरतात. कांदळवन आधी होते आणि वाळले, अशा जागी रोपे लावण्याआधी रस्त्याखालची बुजलेली मोरी शोधा. भरतीचे पाणी परत आत-बाहेर जाऊ लागले की बिया आपोआप येतात.

महोदय, हे सगळे माहीत असलेले लोक आपल्या महापालिकेत आहेत. मग अडते कुठे? मार्च २०२२ च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात हिरवाई हा एक कप्पा आहे आणि पूर हा दुसरा. रेन गार्डन त्या दोन्हींच्या मधल्या भिंतीत अडकते. उद्यान खात्याच्या मते ते नाल्याचे काम, पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या मते बागेचे, रस्ते खात्याला पदपथावर खड्डा नको, आणि गाळ उपसणे घनकचरा विभागाकडे लिहिलेले नाही. अभियंत्याला एखादे काम करायचे असेल तर ते दरसूचीत, म्हणजे कामांच्या मंजूर दरांच्या यादीत, हवे. कर्ब-काप, धुतलेली वाळू, छिद्रांचा पाइप, गाळ-खड्डा, एकमार्गी झडप अशा नावाच्या बाबी सूचीत नसतील तर तो प्रत्येक वेळी दरविश्लेषण करून मंजुरी घेत बसणार नाही. त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. या बाबी दरसूचीत घाला. काँक्रीट रस्त्याच्या दोषदायित्व कालावधीत (दोष निघाल्यास कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत) रेन गार्डनचा निचरा आणि गाळ-खड्डाही धरा, रोपांपुरते दोन वर्षांचे वेगळे देखभाल कंत्राट नको. आणि बागेची मोजणी रोपे मोजून नव्हे, पाणी किती वेगाने उतरते ते पाहून करा. चाचणी सोपी आहे: १०० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा मातीत १५ सेंमी ठोकायचा, वर पाणी भरायचे, तासाभरात पातळी किमान १०० मिमी उतरली पाहिजे. पहिल्यांदा कोरड्या मातीत माती पाणी पिते आणि आकडा फसवा येतो, म्हणून तीनदा भरून तिसरे वाचन धरायचे. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. ऑगस्टचे वाचन निम्म्याहून खाली गेले तर वरचा ५ सेंमी थर खरवडून नवा घालायचा, बिल त्यानंतर.

पुढच्या पावसाळ्यासाठी तीन वेगवेगळ्या उताराच्या गल्ल्या निवडाव्यात. ऑक्टोबरमध्ये ट्रायल पिट, डिसेंबरपर्यंत खोदकाम, मार्चमध्ये माती, जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपे. गल्ल्या निवडायला आपण सांगाल त्या दिवशी येऊ, आणि चाचणीचा पाइपचा तुकडा व घड्याळ आमचे आम्ही आणू.

आपले,
मुंबईच्या पर्जन्यजल, रस्ते आणि वृक्षनिगा क्षेत्रांत काम करणारे काही अभियंते आणि उद्यानतज्ज्ञ