इतिहासकाराच्या माथी किती मारायचं?

प्रिय शलाका,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर बोलूनच पाठवायला गेले, तर बराच वेळ बोलूनही मी राजा व्हिसेरीसच्या मरणापाशीच घुटमळत होते. तेव्हा म्हटलं, सरळ पत्र लिहावं. वेळ नसला तर लोकलमध्ये वाच, पण वाच.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. जॉर्ज मार्टिनचं 'फायर अँड ब्लड' हा मुळात कथेतल्याच आर्चमेस्टर गिल्डेन या पंडितानं लिहिलेला टार्गेरियन राजघराण्याचा इतिहास. सगळं होऊन गेल्यावर, ओल्डटाउनला बसून, दुसऱ्यांच्या कागदांवरून लिहिलेला. म्हणजे तो चुकू शकतो. मग त्यावरच्या 'हाउस ऑफ द ड्रॅगन' मालिकेत दिसतं ते खरं घडलेलं आणि पुस्तकातलं ते मागाहून लोकांनी रचलेलं. दोन्हींत विसंगती अशी उरतच नाही, खापर गिल्डेनवर फोडलं की झालं.

अगं, ही पळवाट इतकी रुंद आहे की तिच्यातून व्हेगार नावाची अख्खी ड्रॅगन निघून जाईल!

अर्धं तुझं बरोबर आहे. लायमन बीसबरीचं मरण आठव. राजा गेलाय, बाहेर कुणाला कळू दिलेलं नाही, समितीची बैठक बसली आहे आणि तो म्हातारा खजिनदार एकटा, सावत्र भाऊ एगॉनविरुद्ध, राजानं वारस ठरवलेल्या मुलीच्या, रेनीराच्या बाजूनं बोलतोय. पुढं काय झालं? दरबारचा मेस्टर, म्हणजे पंडित, ऑरवाइल याच्या जबानीप्रमाणे त्याला धरून कोठडीत टाकलं आणि तिथल्या गारठ्यानं तो मेला. सेप्टन, म्हणजे धर्मगुरू, यूस्टस म्हणतो, राजरक्षकांपैकी क्रिस्टन कोलनं त्याला खुर्चीत दाबलं आणि गळा चिरला. दरबारी विदूषक मश्रूमला एवढ्यानं कुठलं समाधान! त्याच्या मते कोलनं म्हाताऱ्याला कॉलरला धरून खिडकीबाहेर फेकलं आणि तो खंदकातल्या खिळ्यांवर जाऊन पडला. गंमत अशी की मश्रूम तेव्हा त्या खोलीत नव्हताच. ऑरवाइल होता, पण त्यानं जबानी दिली ती कैदेत बसून, स्वतःची मान वाचवायला.

मालिकेनं चौथंच दाखवलं. कोल त्याला खाली दाबतो आणि डोकं मेजावरच्या दगडी गोळ्यावर आदळतं. इथं तुझा मुद्दा मी बिनशर्त मान्य करते. लेखकानं मुद्दाम फट ठेवली होती, दिग्दर्शकानं तीत पाय टाकला. तक्रार नाही. उलट कोल खुनी आहे पण त्याचा तो हेतू नसावा, ही छटा तिन्ही साक्षीदारांपैकी कुणालाच सुचली नव्हती.

आपल्याला हा खेळ नवा नाही. पानिपतावर आधी 'भाऊसाहेबांची बखर' वाचायची आणि मग राजवाड्यांनी १८९८ साली छापलेल्या पहिल्या खंडातली त्याच काळातली पत्रं. बखरीत रस, पत्रांत तारखा. मला तर मश्रूम हा पक्का बखरकार वाटतो, आणि तो खोटं बोलतोय हे माहीत असूनही मी त्याचंच पान आधी उघडते. लढाईनंतर भाऊंचा तोतया उभा राहिला, तसे टम्बलटनच्या दुसऱ्या लढाईनंतर एगॉनच्या भावाचे, डेरॉनचे तोतये उभे राहतात. फरक इतकाच की मार्टिनच्या या कल्पित भूमीला, वेस्टेरॉसला, राजवाडे लाभले नाहीत. मूळ पत्रं कुणी शोधून छापलेली नाहीत, त्यामुळे गिल्डेन तीन तोंडांनी बोलतो आणि आपल्याला त्यातून निवडावं लागतं.

पण निवडायचं कशातून, तर जिथं तीन तोंडं आहेत तिथंच. प्रत्येक वेगळेपणाला 'इतिहासकार चुकला' हे उत्तर देता येत नाही. माझं भांडण आहे ते इथं.

एक जुनं उदाहरण घे. १९९६ साली पहिली कादंबरी आली. तिच्या शेवटी टार्गेरियन राजांची यादी आहे, त्यात दुसऱ्या एगॉनच्या नावापाशी रेनीरा त्याच्यापेक्षा एक वर्षानं मोठी असल्याचं लिहिलंय. २०१८च्या 'फायर अँड ब्लड'मध्ये ती दहा वर्षांनी मोठी आहे, वेस्टेरॉसच्या कालगणनेत तिचा जन्म ९७चा आणि एगॉनचा १०७चा. यावर तू काय म्हणशील, यादी करणारा मेस्टर झोपेत होता? त्या यादीला मेस्टर नाही गं. ती मार्टिनची आहे, आणि तेव्हा कादंबऱ्यांच्या आधीचं हे भावाबहिणीचं युद्ध अजून नीट ठरलेलंच नव्हतं. हा लेखकाचा पालटलेला विचार आहे.

आणि चांगला पालटलाय! नुसता हिशेब कर. १०५ साली व्हिसेरीस सगळ्या सरदारांना बोलावून आठ वर्षांच्या रेनीराशी निष्ठेची शपथ घ्यायला लावतो. एगॉन तेव्हा जन्मालाही आलेला नाही. पुढचा सगळा पेच या शपथेतून निघतो: भाऊ नव्हता तेव्हा दिलेलं वचन, भाऊ आल्यावर टिकतं का? एक वर्षाचं अंतर ठेवलं असतं तर ही शपथ बसवायला जागाच उरली नसती. भाऊ पाळण्यात असताना बहिणीला वारस करायला कुठला सरदार गुडघे टेकणार? मला तर ही 'चूक' म्हणजे लेखकाच्या वहीतली खाडाखोड उघड दिसल्यासारखी वाटते. तिला कथेतल्या कुणाच्या अज्ञानाचं पांघरूण घातलं की ती खाडाखोड दिसायची थांबते.

मार्टिन स्वतः हे लपवत नाही. आपल्या पुस्तकांत एका घोड्याचं लिंग बदललं, डोळ्यांचे रंग बदलले, हे तोच हसत सांगतो. तपशील पडताळायला तो एलिओ गार्सियासारख्या वाचकाकडे जायचा, आणि २०१४चा 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' गार्सिया आणि लिंडा अँटन्सन यांच्यासोबतच निघाला. त्या ग्रंथात चौकटी म्हणून द्यायचा मजकूर लिहिता लिहिता लाखो शब्दांच्या घरात गेला, आणि त्यातूनच पुढं 'फायर अँड ब्लड' उभं राहिलं. इतक्या पसाऱ्यात एखादं वर्ष इकडचं तिकडे झालं तर मी कपाळाला आठ्या घालत नाही.

आता पडद्याकडे. ॲलिसेंटला रेनीराच्या वयाची मैत्रीण केलं ते मला पटलं. पुस्तकात ती नऊ वर्षांनी मोठी आहे, तिथं सावत्र आईशी सरळ सरळ वैर आहे. मैत्री आणल्यामुळे दुसऱ्या पर्वात त्या दोघी समोरासमोर आल्या की काहीतरी हरवल्याची बोच लागते. बदल केला आणि त्याची किंमत पुढं मोजली, एवढंच माझं मागणं असतं. खंजिरावरच्या भविष्यवाणीबद्दल मी गप्प बसते, नाहीतर पत्र संपणार नाही.

मेलॉरचं मात्र मला पचत नाही. पुस्तकात एगॉनच्या राणीला, हेलेनाला दोन मुलगे आहेत. ब्लड आणि चीज हे दोन भाडोत्री मारेकरी तिच्यापुढं उभे राहतात आणि दोघांतला एक निवड म्हणतात. ती धाकट्याचं, मेलॉरचं नाव घेते. ते मारतात थोरल्याला. त्यानंतर त्या बाईला उरलेल्या मुलाच्या तोंडाकडे बघवत नाही, कारण आपण त्याचं मरण मागितलं हे तिला ठाऊक आहे. मालिकेत मेलॉर नाहीच. जुळी भावंडं आहेत, त्यातला मुलगा कोणता एवढंच विचारलं जातं आणि ती खऱ्या मुलाकडे बोट दाखवते. प्रसंग भीषण आहे, नाही कोण म्हणतंय? पण निवड गेली.

यात गिल्डेन कसा काय चुकेल, सांग ना? एका राजपुत्राचं अस्तित्वच त्यानं कल्पनेतून काढलं? तो पोर बिटरब्रिजला जमावाच्या हातात सापडतो, त्यापायी डेरॉनची फौज ते गाव जाळते. जळलेलं गावही गिल्डेनच्या कल्पनेतलं का? मार्टिननं सप्टेंबर २०२४ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि थोड्याच वेळात काढूनही टाकलं. मूल लहान, चित्रीकरणाचा व्याप मोठा, अशी व्यावहारिक कारणं त्याला देण्यात आली होती. त्याचा मुद्दा साधा होता. मेलॉरच्या मरणाची बातमी हेलेनाला तिच्या शेवटाकडे नेते, तिच्या मरणानं राजधानी पेटते, आणि पेटलेली राजधानी ड्रॅगन ठेवायच्या ड्रॅगनपिटवर चालून जाते. एक टाका उसवला की पुढची शिवण कशावर धरायची? हेलेना जीव देईलही, पण तिच्याकडे ते कारण नसेल.

पुस्तकातल्या नेटल्सचं तर मला मेलॉरहूनही जास्त लागलंय. नाक चिरलेली, सावळी, गोदीवरची भुरटी चोर पोरगी. शीपस्टीलर या रानटी ड्रॅगनला ती काबूत आणते ती रोज सकाळी ताजं कापलेलं मेंढरू नेऊन टाकून. बाकीच्या ड्रॅगनस्वारांच्या बाबतीत आपण रक्ताकडे बोट दाखवतो: कुणाचा तरी अनौरस, कुणाच्या तरी केसांत रुपेरी छटा. नेटल्सच्या अंगावर तसली एक खूण नाही. मग ड्रॅगनला लागतं काय, व्हॅलिरियाचं रक्त की मेंढरू? मार्टिननं उत्तर दिलेलं नाही. टार्गेरियनांची सगळी मिजास ज्या समजुतीवर उभी आहे तिच्या पायाशीच ही पोरगी बसली आहे, आणि लेखकानं तिला तिथून उठवलेलं नाही. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मात्र व्हेलमध्ये त्या रानटी ड्रॅगनसमोर उभी राहते ती राएना, म्हणजे टार्गेरियन राजपुत्र डेमनची सख्खी मुलगी. प्रश्नच मिटला.

आणि नेटल्सची मुळं पार मागं पसरलेली आहेत. पहिल्या कादंबरीतल्या टिरियनला व्हेलच्या डोंगरात भेटणारी बर्न्ड मेन ही टोळी आठवते ना, वयात आल्यावर अंगाचा एखादा भाग जाळून घेणारे? १९९६ साली ती एक रानटी रीत होती, बस्स. २०१४च्या ग्रंथात दोन ओळी आल्या, की त्या टोळीची पोरं पूर्वी डोंगरातल्या एका अग्निचेटकिणीला नजराणा घेऊन जात आणि तिच्या ड्रॅगनच्या ज्वाळांना सामोरी जात. नाव दिलेलं नाही. पण नेटल्स शेवटी त्याच डोंगरांत नाहीशी होते, आणि वाचकांनी दोन टोकं जुळवली. आता तू म्हणशील, राएनाही व्हेलमध्येच आहे, तीही चेटकीण होईल. होऊ दे. चेटकीण मिळेल, चोर पोरगी मिळणार नाही.

तर माझी वाटणी अशी आहे. साक्षीदार भांडतात तिथं पडद्यावाल्यांनी हवं ते निवडावं, नवं रचावं. लेखकाचा विचार बदलला तिथं नवं धरावं आणि जुन्याकडे मजेनं बघावं. पण ज्यावर तिन्ही साक्षीदारांचं एकमत आहे ते काढलं, तर त्याला बदल म्हणावं आणि बदल म्हणून जोखावं. 'खरं असंच घडलं होतं' म्हणू नये. तसं म्हटलं की मालिका कधी चुकूच शकत नाही, आणि मग आपण दोघींनी इतकी वर्षं वंशावळी कशाला काढल्या?

आता माझा प्रश्न, आणि यात गिल्डेनला मध्ये आणायचं नाही, कारण हा मालिकेनं मालिकेलाच घातलेला पेच आहे. पुस्तकात रेनीराचा पहिला नवरा लेनॉर मरतो. मालिकेत तो मेल्याचं सोंग करून, मुंडण करून, होडीत बसून निघून जातो. मग दुसऱ्या पर्वात त्याचा ड्रॅगन सीस्मोक ॲडम या दुसऱ्याच तरुणाला शोधून काढतो आणि पाठीवर घेतो. स्वार जिवंत असताना ड्रॅगन दुसरा स्वार घेत नाही, हे तू आणि मी दोघी धरून चालतो. तेव्हा एक तर लेनॉर पडद्याआड मेला, नाहीतर तो नियम खोटा, नाहीतर कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. माझं मत तिसऱ्याला आहे. तुझं सकारण कळव.

काकूंना नमस्कार सांग. वंशावळीचा तो मोठा कागद तुझ्याकडेच आहे, त्याचा फोटो पाठव, मला मॅनडर्लींचं काहीतरी बघायचंय.

तुझी,
नीरजा

ता. क. 'डंक आणि एग'च्या तीन कथा तू अजून वाचल्या नसशील तर हातात घे. १९९८, २००३, २०१० अशा सावकाश आलेल्या आहेत. तिथं इतिहासकार नाही, सगळं कथानायक डंकच्या डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे तुझी पळवाट बंद. त्याच्या ढालीवरचं चित्र नीट वाच: मावळतीचा रंग, एल्मचं झाड, तुटणारा तारा. मग 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये ब्रिएन ही स्त्री-योद्धा आपली ढाल रंगवून घेते ते पान काढ. वडिलांच्या शस्त्रागारात पाहिलेली जुनी ढाल तिला कशी आठवते बघ. त्या दोघांचं नातं मार्टिननं नंतर मान्य केलं, पण वाचकांना ते त्याआधीच कळलं होतं.