ठकीची मान

बडोदे, दांडिया बाजार

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

मान कायमची वाकडी राहिलेल्या सशाला जगवण्यात त्याचे हित किती आणि आमचा हट्ट किती, हा तुझा प्रश्न कठोर असला तरी रास्त आहे. आम्हीही तो डॉक्टरांना विचारला, तेव्हा मानेपेक्षा खाण्याकडे लक्ष ठेवा, असे त्यांनी सांगितले. ठकी दिवसभर गवत चघळते आणि कोथिंबिरीचा वास आला की तिरकी धावत स्वयंपाकघरात शिरते. ती अन्न टाकून, दात करकर वाजवत कोपऱ्यात अंग चोरून बसू लागली, तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला वेगळे द्यावे लागेल.

हे दुखणे मुळात मानेचे नाही. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय किंवा मेंदूतला त्याच्याशी जोडलेला भाग बिघडला की डोके कलते. सशांमध्ये याची प्रमुख कारणे दोन: कानातला खोलवरचा जंतुसंसर्ग आणि एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी, जो कित्येक सशांच्या शरीरात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. ठकीच्या बाबतीत संशय परजीवीचा होता, म्हणून फेनबेंडाझोल दिले. ते सहसा २८ दिवस देतात. आरंभी ती उभी राहू लागताच गडबडा लोळे, त्यामुळे खोक्यात चहूबाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या लावून तिला ठेवावे लागले. पुढे मेंदूने त्या बिघाडाशी जुळवून घेतले आणि लोळणे थांबले, कल मात्र राहिला. मान रोज तेल लावून सरळ करावी, असे सुचवणारे हितचिंतक आमच्या वाड्यात पुष्कळ आहेत. त्यांना चहा देऊन वाटेला लावतो.

खरी काळजी खालच्या बाजूच्या डोळ्याची. तो जमिनीकडे असतो, नीट मिटत नाही, त्यात गवताची काडी किंवा धूळ जाते आणि बुबुळावर जखम होण्याची भीती असते. म्हणून रोज उजेडात बसून तो पाहायचा, कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने कडा पुसायच्या आणि डॉक्टरांनी दिलेले मलम घालायचे. त्या बाजूचे अंग तिला चाटून स्वच्छ करता येत नाही, तेही काम आमचेच. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून घरभर सतरंज्या अंथरल्या आहेत. पाण्यासाठी जड, उथळ वाडगा आहे.

सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, त्यामुळे अर्धा दिवस जरी तो उपाशी राहिला तरी डॉक्टर गाठावे लागतात. इथे रजको, म्हणजे आपला लसूणघास, सहज मिळतो. पण त्यात कॅल्शियम फार, म्हणून मोठ्या सशाचे रोजचे पोट सुक्या गवतावरच भरावे. बडोद्याच्या मे महिन्यात तर तिच्यासाठी दुपारभर कूलर चालतो. विजेच्या बिलावरून सौभाग्यवती मला टोमणे मारते, पण तो बंद करू देत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा तिला पाठीमागून एकदम उचलू नकोस, ती दचकून पुन्हा लोळते. वरच्या डोळ्याला दिसशील असा समोर बस, मग एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली घालून पोटाशी घट्ट धर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत