पानी आणि पाणी

ता. दर्यापूर, जि. अमरावती

प्रिय मित्रा,

पोराच्या वहीतल्या चुकांबद्दल तू लिहिलंस, तेव्हा आमच्या घरचं सांगायलाच हवं असं वाटलं. पोरगी दुसरीत आहे. जूनमध्ये तिची वही पाहिली, तर 'पानी', 'शाया', 'डोया', 'मले भूक लागली'. मी रागानं लाल पेन घेतला आणि प्रत्येक शब्दावर गोल केले. माझी आई चुलीपाशी होती. म्हणाली, "माह्या बोलन्यानं चुकते काय रे पोरगी? मंग तिच्यासंगं मी बोलाचंच नाही काय?"

त्या रात्री मला झोप आली नाही. पोरीनं कानाला ऐकू आलं तेच बरोबर लिहिलं होतं. आपल्या वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो आणि 'ण' चा 'न'. ती चूक नाही, ती आपली बोली आहे.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, एक घरचा शब्द, एक वहीचा शब्द. दोन्ही आपलेच. मग जिभेचं दाखवलं. 'ळ' आणि 'ण' दोन्हींना जीभ मागं वळून टाळूला लागते, म्हणून ही अक्षरं मी एकत्रच घेतली. आरशासमोर बसवलं, बाजूला आईही बसली. 'मन' आणि 'मण' यातला फरक आईनंच समजावला. तिनं आयुष्यभर कापूस मणानंच मोजला.

रोज पाचच शब्द, जास्त नाही. आधी पाहायचा, मोठ्यानं म्हणायचा, झाकायचा, लिहायचा, मग आपणच ताडून पाहायचा. सुपात ज्वारीचं पीठ पसरलं की बोटानं लिहायला तिला फार आवडतं. शब्द पाठ्यपुस्तकातले घे, पण घरातलेही घे. पोळ्याच्या आठवड्यात आम्ही तोरण, वेसण, पोळा, झूल, घुंगरू घेतले.

वेलांटी-उकाराचं एवढंच शिकवलं: तूर, फूल, वीट, झूल यांत दुसरी वेलांटी, दुसरा उकार. पुढं काही लागलं की पहिला: तुरीला, फुलात, विटेवर, झुलीवर. 'कापूस' ला मात्र 'कापसात' होताना उकारच जातो, हे तिनं स्वतः शोधलं. 'गुण', 'विष' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. ते दुसरीच्या पोराला आत्ता सांगू नकोस. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, १९७२ मध्ये भर पडून ते अठरा झाले. मोठ्यांनाही ते सगळे पाठ नसतात, मग सात वर्षांच्या लेकराला एका चुकीवर का रडवायचं? चुकलेला शब्द मी आता खोडत नाही, शेजारी बरोबर लिहून ठेवतो.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या पोळ्याच्या, संध्याकाळी लाकडी बैल घेऊन ती आजीपाशी बसली. आजीनं जुनी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली आणि ही लिहायला लागली. मधेच पेन्सिल थांबवून मला विचारलं, "बाबा, हे आजीसारखं लिहू का वहीसारखं?"

मी म्हटलं, "आजीसारखं."

ते पान मी जपून ठेवलं आहे. दिवाळीला पोराला घेऊन ये, दाखवतो. त्याची वहीही सोबत आण.

तुझाच